त्या खुणा माझ्या होत्या, तात्या

तात्या, ते यंत्र फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. हे मला कळायला अर्धा दिवस लागला, आणि तो अर्धा दिवस माझा नव्हता, तुमचा होता.

तुमच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं माझ्या हातात ते प्लॅस्टिकचं खेळणं ठेवलं. तीन नळकांडी, त्यात तीन गोळ्या, बाजूला एक लवचीक नळी. ती काहीतरी समजावून सांगत होती आणि मी नेहमीच्या सवयीनं "हो हो, माहितीये" म्हणत होतो. पणदऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर पंचवीस वर्षं बसलेल्या माणसाला यंत्र काय शिकवायचं? सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर मी नळी तुमच्या ओठांत दिली आणि म्हणालो, "तात्या, फुंका."

तुम्ही फुंकलंत. पोटावरचे टाके ओढले गेले, डोळ्यांत टचकन पाणी आलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. मी म्हणालो, "जरा जोर लावा." तुम्ही जोर लावलात. असं दुपारपर्यंत. मग फिजिओथेरपीची मुलगी आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो काका, हा काय फुगा आहे का? श्वास आत ओढायचा. मग गोळ्या वर जातात. छाती आतून उघडते, कफ साचत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "बिडीवानी वढायचं व्हय? मग पयलंच सांगायचं न्हाय का, पावणं? साठ वरसं त्येच तर केलंय."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट खो खो हसला. त्यालाही टाके होते, त्यामुळं हसता हसता कळवळला.

तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढी गोष्ट सांगितली. लोक हसले, डोळे पुसले, "तात्या म्हंजे तात्याच" म्हणाले आणि चहा पिऊन उठले. पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. ती दोघांनाच माहीत होती, आणि त्यातले तुम्ही गेलात.

तुमच्या-माझ्यात चोवीस वर्षांत एकही भांडण झालं नाही. ही फुशारकी मी पावण्यारावळ्यांत कितीदा मारली असेल. सुनंदा तुमची एकुलती एक, म्हणून मी एकुलता एक जावई. मी सणसरला आलो की तुम्ही हातातलं काम टाकून उठून उभे राहायचात, आणि मी बसेपर्यंत बसायचा नाहीत. तुम्ही बसल्याशिवाय मी कसा बसणार? तेव्हा दोघंही सोप्यात उभे, मध्ये रिकामी खाट, आणि आतून सुनंदाचा आवाज, "बसा की आता! का गाडी यायचीय?"

तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाही. पावणं. फार लाडात आलात तर अंकुशराव. पेरूच्या बागेतले पोपटानं चोच मारलेले पेरू तुम्ही माझ्यासाठी वेगळे काढून ठेवायचात, कारण पोपट कच्चं खात नाही. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही तेरा दिवस पणदऱ्याला राहिलात आणि माझ्या जागी केंद्रावर बसलात. "तुमी सुतकाचं बगा, दुधाचं म्या बगतो." बघितलंत कसं, हे मला चौदाव्या दिवशी कळलं. तुम्ही त्या तेरा दिवसांत कुणाचंही दूध परत पाठवलं नव्हतं. लॅक्टोमीटर काहीही दाखवो, तुमचं आपलं "चांगलं हाय, वता." अख्ख्या पणदऱ्यानं त्या पंधरवड्यात पाणी घालून घेतलं. वरून मला तंबी आली. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मानूस सकाळच्या पारी किटली घिऊन दारात येतो, त्येला न्हाय कसं म्हनायचं?"

मी हसलो होतो तेव्हा. मी न्हाय म्हणण्यात पटाईत. एकदा घरच्या म्हशीचं दूध मी लॅक्टोमीटरवर डिग्री लागली नाही म्हणून परत पाठवलं, आणि सुनंदा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. तुम्ही मात्र ती गोष्ट सणसरभर मिरवलीत. "आमचा जावई लेकीचं दूध बी सोडत न्हाय!" केवढा अभिमान होता तुम्हाला, तात्या.

आता हर्नियाचं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आपण दोघं वर्षातनं दोन-तीनदा भिगवणला मासे खायला जायचो, ते सुनंदाला सांगून कधीच गेलो नाही. त्या दिवशी तुम्हाला काटा लागून ठसका लागला, आणि तुमचं बघून हसताना मलाही लागला. दोघांचाही डावा हात ताटावरून झटकन खाली गेला. एकाच जागी. मांडीच्या वर, जांघेत. आपण एकमेकांकडे बघितलं आणि ठसका थांबला.

"तुमालाबी हाय व्हय?" तुम्ही विचारलंत.

"दोन वर्षं झाली. दुधाचे कॅन उचलून."

"माजं पेरूच्या क्रेटनं. पाच वरसं." मग जरा थांबून, सुनंदाबद्दल, "सुनीला ठाव हाय?"

"माझं माहितीये. तुमचं नाही."

"सांगू नगा."

सासऱ्याला आणि जावयाला एकच दुखणं, तेही डाव्या बाजूलाच. त्या दिवसापासून आपला तो लांबलेला वाद सुरू झाला, चोवीस वर्षांतला एकमेव. मी म्हणायचो, आधी तुम्ही करून घ्या, तुमचं वय झालंय. तुम्ही म्हणायचात, आधी तुमचं हुंद्या, तुमच्याम्होरं संसार हाय. खाटेसारखंच झालं. दोघंही उभे. खरं सांगायचं तर मला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि तुमच्या मानाचं पांघरूण त्या भीतीवर छान बसत होतं.

तुमचं आतडं त्यात अडकलं ते पेरूच्या तोडणीत. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, आणि तुम्ही एक अख्खा दिवस ओवा खाऊन काढलात. "पावण्यास्नी कशाला तरास?" शेजाऱ्यानं फोन केला तेव्हा मी दुधाचा टेम्पो घेऊन आलो. रिकाम्या कॅनच्या मधे गोधडीवर तुम्हाला निजवून बारामतीला आणलं. डॉक्टर म्हणाले, आतडं काळं पडलंय, तेवढा तुकडा काढावा लागेल, पोट उभं उघडावं लागेल. उघडलं, काढला, शिवलं. ऑपरेशन चांगलं झालं, तात्या. हे मी तुम्हाला सांगितलंच आहे, पण पुन्हा सांगतो. ऑपरेशन चांगलं झालं होतं.

पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच. सुनंदाला फक्त भेटीच्या वेळेत, संध्याकाळी दोन तास. ती मला दारात थांबवून म्हणाली, "तात्यांना दरडावून बोलायला लागतंय. ऐकलं न्हाय तर फोन लावून त्यांच्या कानाला द्या. बाकीचं मी बघते." सिस्टरही तेच म्हणाली. माझ्या निम्म्या वयाची पोरगी, पण काय तिचा आवाज! "मामा, दया करायची नाही. दर तासाला दहा वेळा गोळ्या वर गेल्या पाहिजेत. पोटावर उशी दाबून धरायची आणि खोकायला लावायचं. सकाळ-संध्याकाळ दारापर्यंत चालवायचं. केलं की इथं खूण करायची." खाटेच्या पायाशी एक कागद लटकत होता, चौकटी आखलेला. पेन माझ्या खिशात होतंच.

फुंकणं सुटल्यावर पहिल्या तासाला तुम्ही दहा वेळा ओढलंत. दोन गोळ्या वर गेल्या. खूण. दुसऱ्या तासाला सहा वेळा ओढलंत, मग खोकला आला आणि तुम्ही उशी छातीशी घेऊन पांढरे पडलात. डोळे मिटून म्हणालात, "पावणं, येवडा येळ जाऊंद्या."

मी म्हणालो, "बरं, राहू द्या."

आणि खूण केली.

का केली? सिस्टर तुम्हाला बोलेल म्हणून. माझ्या सासऱ्याला सगळ्या वॉर्डासमोर कुणी पोरगी "बाबा, असं कसं चालेल" म्हणेल, हे मला बघवणार नव्हतं. एकदा केल्यावर पुढची सोपी गेली. तुम्ही पुढं पुढं काही म्हणतही नव्हता, नुसतं माझ्याकडे बघायचात, मी कागदाकडे जायचो. तुमच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची ती बघून मला वाटायचं, मी सेवा करतोय.

चालण्याचं तर त्याहून वरताण. दारापर्यंत जायचं म्हणजे माझ्या खांद्यावर हात टाकून जायला हवं. तुम्ही खाटेच्या कडेवर बसलात, माझ्या खांद्याकडे बघितलंत आणि हात मागं घेतलात. "जावयाच्या खांद्यावर भार टाकू व्हय? मानसं काय म्हनतील?" मी म्हणायला हवं होतं, मानसं मरू द्यात. मी म्हणालो, "जरा बसा मग, बसणं पण चांगलंच." आणि चालण्याच्या चौकटीतही खूण केली.

शेजारच्या खाटेवरचा तो हसरा म्हातारा आठवतो? त्याचा मुलगा भिगवणचा मासे विकणारा. आवाज बाजारातला. "आबा, वढा! नाटकं नकोत! तीन गोळ्या वर गेल्याबिगर च्या न्हाय!" म्हातारा शिव्या घालत ओढायचा. मग मुलगा त्याच्या काखेत हात घालून पोतं उचलावं तसा उचलायचा आणि वॉर्डभर फिरवायचा. म्हातारा ओरडायचा, "आरं, बाप हाय का बैल हाय मी?" मुलगा म्हणायचा, "बैल बरा, त्यो ऐकतो तरी!"

आपण दोघं एकमेकांकडे बघायचो. तुम्ही हळूच म्हणालात, "बापाशी बोलायची रीत हाय का ही?" मी मान हलवली. वळण नाही, म्हणालो. आपल्याला वळण होतं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी आली, कागद बघितला आणि तिचा चेहरा खुलला. "आजोबा, एक नंबर! एक पण चौकट रिकामी नाही. मग मी जरा या बाबांकडे बघते, हे फार दंगा करतात." आणि तिचा तुमच्या वाट्याचा वेळ तिनं शेजारच्या खाटेला दिला. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. आयुष्यभर लोकांच्या दुधातलं पाणी पकडलं मी, तात्या, आणि तुमच्या कागदात हातानं घातलं.

त्या संध्याकाळी सुनंदा मुगाचं कढण घेऊन आली. तिनंही कागद बघितला. वरून खाली बोट फिरवत एकेक चौकट वाचली, आणि तुमच्या पायाला हात लावून म्हणाली, "शाना माझा बाप!" मग माझ्याकडे वळून, डोळे भरून, "तुमी हुता म्हणून झालं." तुम्ही छताकडे बघत होता, मी खिडकीकडे. आपल्यातल्या एकानं जरी तिच्याकडे बघितलं असतं तर ती ओळखून गेली असती.

पुढच्या दिवशी दुपारी तुम्हाला धाप लागली. अंग तापलं, बोलणं तुटक झालं. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग बसला होता, कफ धरला होता, न्यूमोनिया झाला होता. तुम्हाला अतिदक्षता विभागात हलवायचं ठरलं. डॉक्टरांनी कागद हातात घेऊन मला विचारलं, "श्वासाचा व्यायाम तर व्यवस्थित झालेला दिसतोय. होत होता ना?"

मी म्हणालो, "होत होता."

तेव्हा तरी. तेव्हा तरी म्हणायला हवं होतं. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय, इतक्या वर्षांची बिडी, आतडं काढावं लागलं, एक दिवस उशिरा आणलं. तुम्ही करायचं ते केलंत. कुणाचा दोष नाही." अजूनही रोज सकाळी कॅनची झाकणं उघडताना मी हे वाक्य स्वतःला म्हणून बघतो. बसत नाही. कारण डॉक्टर ते माझ्याकडे बघून बोलले नव्हते, कागदाकडे बघून बोलले होते. तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं, त्या गडबडीत मी तो कागद काढून घडी घातली आणि पाकिटात टाकली. माझ्याकडे तो कुणी मागितला नाही.

आत तुमच्या तोंडावर मास्क होता. मी पाच मिनिटांसाठी आलो तेव्हा तुम्ही तो बाजूला सारलात. मला वाटलं, पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, "सुनीला सांगू नगा. तुमच्यावर वरडंल ती."

स्वतःसाठी नाही म्हणालात. माझ्यासाठी. तिथंही माझा मान.

त्यानंतर तुमच्या घशात नळी गेली, मग आपलं बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. शेवटच्या भेटीत मला सांगायचं होतं की तात्या, उठा, खोका, शिव्या घाला. मी तुमचा हात धरून म्हणालो, "बरं वाटेल हं आता." शेजारचा म्हातारा त्याच सकाळी स्वतःच्या पायानं घरी गेला. जिन्यापाशी त्याचा मुलगा भेटला, म्हणाला, "काका, तुमचं म्हातारं लई सोज्वळ हुतं." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

तर तात्या, चोवीस वर्षांत मी तुमचं एकही बोलणं मोडलं नव्हतं. ते मोडलं. मी सुनीला सांगितलं. हे पत्र म्हणा, लेख म्हणा, त्यासाठीच लिहायला घेतलं.

तेराव्यानंतर ती दवाखान्यातून आलेली पिशवी उघडून बसली होती. तुमचं धोतर, टोपी, चष्मा, आणि ते यंत्र. तिनं ते हातात घेतलं, नळी पदरानं पुसली आणि ओढून बघितलं. तिन्ही गोळ्या टणकन वर गेल्या. ती म्हणाली, "एवढं तर सोपं हाय. तात्यांनी केलं तेवढं, तरी कसं झालं हो असं?"

ती हा प्रश्न जन्मभर विचारत बसली असती, तात्या. देवाला, डॉक्टरांना, भिंतीला. आणि मी शेजारी बसून "नशीब" म्हणत राहिलो असतो. मला ते जमलं नाही. मी पाकिटातून कागद काढला आणि तिच्यापुढं पसरला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून गोठ्यात गेली, म्हशीखाली बसली आणि धार काढायला लागली. मी दारात उभा. मान वर न करता तिनं विचारलं, "एकूण किती?"

"श्वासाच्या एकतीस."

"खऱ्या?"

"नऊ."

धारेचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "मला फोन का न्हाय लावला?"

"तात्या नको म्हणाले."

"आन् तुमी ऐकलं."

"त्यांचं कधी मोडलं नव्हतं गं मी."

"मोडायचं हुतं की," ती म्हणाली. "माझा बाप हुता. मी मोडलं असतं." आणि मग ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून रडली. तुम्ही गेलात त्या दिवशी अशी रडली नव्हती.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, निघून जायची. घरच्या म्हशीचं दूध परत पाठवलं तेव्हाची मुकी सुनंदा मला ओळखीची होती. ही वेगळी होती. तुम्ही म्हणाला होतात, वरडंल. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या कागदाचं तिनं काय केलं, हे विचारायची माझी छाती नव्हती. मग तिच्या ट्रंकेत तुमच्या टोपीखाली तो घडी करून ठेवलेला दिसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर निघालो, पहिला कॅन टेम्पोत चढवताना मला खोकला आला आणि हात आपोआप खाली गेला. सुनंदा दारात उभी होती. तिनं पदर खोचला, पुढं आली आणि कॅनचा दुसरा कान धरला.

"उद्या बारामतीला जायचंय," ती म्हणाली. "तारीख घ्यायला."

"कसली?"

"तुमच्या हर्नियाची. वॉर्ड पुरुषांचा असू द्या न्हायतर आणि कसला, जवळ मीच थांबणार. मला बाहेर काढून दाखवावं कुणी." कॅन वर सरकवून तिनं हात झटकले. "आन् एक आत्ताच सांगून ठेवते. मी तुमचा मान ठेवणार न्हाय."